‘काळा एडका’ सराईतला माझा अर्धा हिस्सा

मी, ऑड्री जेन कॅपस्टिक, वय पंचवीस, अविवाहित, शिक्षिका, राहणार ‘काळा एडका’, स्केलबेक, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न जानेवारीपासून सुरू आहेत, पण ते लागू पडलेले नाहीत.

रागाचा उल्लेख काढावा असे माझ्या वकील मिस प्रिंगल यांचे मत पडले. उद्या कुणी म्हणेल की रागाच्या भरात लिहिले. मी त्यांना सांगितले की ज्याला राग येत नाही तो शुद्धीवर नाही, असे आमच्या घरात समजतात. तेव्हा तो शब्द राहिला आहे. मृत्युपत्रात कारणे देऊ नयेत असेही त्या म्हणाल्या. पण आमच्याकडे कारण विचारल्याशिवाय कुणी मीठसुद्धा पुढे सरकवत नाही, त्यामुळे कारणेही राहतील.

यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते, नऊ वर्षांची असताना. त्यात माझा ससा सिरिलदादाला दिला होता. ससा माझ्याआधी गेला. तरीही ते मृत्युपत्र रद्द समजावे.

१. येत्या महिन्यात मी पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या शाळेत दोन वर्षे शिकवायला जात आहे. मी तिथेच मेले तर मला तिथेच पुरावे. परत आणू नये. अमोसमामा म्हणतात, “इथल्या मेंढ्यांना शिकवून झालं वाटतं.” मामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. मी का जाते आहे हे मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितले होते. ज्या मुलांच्या घरात कुणी पुस्तक उघडलेले नाही त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचले पाहिजे, कारण माझ्यापर्यंत कुणीतरी पोचले होते म्हणून मी आज पदवीधर आहे, असे मी म्हणाले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, तिकडे बिअर मिळते का?

२. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी स्केलबेकच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस ऑल्डरसन यांच्यावर सोपवते. माझ्यापर्यंत पोचलेले ते ‘कुणीतरी’ त्याच होत. माझी सर्व पुस्तके त्यांच्या शाळेला द्यावीत. पुस्तके कपाटात कुलपात ठेवायची नाहीत. मुलांचे हात मळके असले तरी चालतील.

३. माझी सायकल, टाइपरायटर आणि पोस्टातली जी काही शिल्लक असेल ती माझी मावशी विनिफ्रेड थॉर्नबर हिला द्यावी. अट एकच: सायकल विकू नये, आणि विकलीच तर त्या पैशातून मामांसाठी तंबाखू आणू नये.

४. माझे चालायचे बूट चर्चच्या पाद्रीबाईंना द्यावेत. दोन वर्षांपूर्वी त्या सर्वांदेखत म्हणाल्या होत्या की सराईत वाढलेल्या मुलीने पदवी घेतली म्हणजे एडक्याला टोपी घातल्यासारखे आहे. या बुटांनी मी त्यांच्या चर्चचे आवार इतके फिरले आहे की त्यांचे पाद्री यजमानही तेवढे फिरले नसतील. का फिरले, ते पुढे येईल.

५. आता मुख्य गोष्ट. ‘काळा एडका’ या सराईत (नवीन लोक तिला पब म्हणतात) माझा अर्धा हिस्सा आहे. माझे आजोबा एझ्रा थॉर्नबर यांनी सराई दोघांत वाटली: अर्धी अमोसमामांना, अर्धी माझ्या आईला. आई गेल्यावर तिचा अर्धा माझ्याकडे आला. माझे वडील त्याआधीच गेले होते. विनीमावशीला आजोबांनी काहीच ठेवले नाही. तिचा अपराध असा, की तिने लग्न केले नाही आणि एक परका मुलगा वाढवला.

तो मुलगा म्हणजे सिरिल टेट, ज्याला मी जन्मापासून सिरिलदादा म्हणते. दुसऱ्या महायुद्धात हल शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा तिथली मुले गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून आमच्या खोऱ्यात पाठवली होती. लोकांनी एकेक निवडून नेली. मजबूत हातांची मुले शेतकऱ्यांनी नेली, नीटनेटक्या मुली पाद्रीबाईंच्या ओळखीच्या घरी गेल्या. खोकणारा एक लहान मुलगा शेवटपर्यंत उरला, त्याला मावशीने नेले. पुढे त्याचे हलमधले घर आणि घरातली माणसे बॉम्बमध्ये गेली, आणि तो राहिला तो राहिलाच. दत्तकाचे कागद करायचे कुणाला सुचले नाही. मावशीला कागद म्हटले की झोप येते.

आज सराई चालते ती सिरिलदादामुळे. तळघर तो पाहतो, बिअरची पिंपे तो चढवतो, त्यांचे नळ तो धुतो, छपराची कौले तो बदलतो. मामा समोर उभे राहून हवामानावर बोलतात. मामांना मूल नाही. पण सराई सिरिलला द्यायची का, असे कुणी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असायचे: “ही जेबेझची सराई. जेबेझच्या रक्ताला जाईल.” आजोबांनीही मरताना तशी इच्छा बोलून दाखवली होती. कायद्याने ती बंधनकारक नाही, असे मिस प्रिंगल म्हणतात. कायदा आमच्या घरात कधी राहिलेला नाही.

आता जेबेझ कोण, ते सांगावे लागेल. स्केलबेकमध्ये तान्ह्या मुलालाही ते ठाऊक असते, पण हे मृत्युपत्र उद्या कोण वाचेल ते मला माहीत नाही.

जेबेझ थॉर्नबर हा आमचा मूळपुरुष, सराईवाला. पूर्वी स्कॉटलंडहून गुरांचे कळप आमच्या खोऱ्यातून दक्षिणेच्या बाजारांना जात. एका मोठ्या बर्फात ते कळप हाकणारे सगळे लोक आमच्या दारात अडकले. सरपण संपले. तेव्हा जेबेझने वरच्या मजल्याची नाचाची लाकडी जमीन उखडून जाळली, मग टेबले, मग स्वतःचा पलंग, आणि सगळ्यांना जगवले. एक खुर्ची तेवढी राहिली. दर जानेवारीत आमच्याकडे जेबेझचे जेवण होते. हॅम, ओटची भाकरी, वाटाण्याचे घट्ट वरण. घरातला थोरला पुरुष त्या खुर्चीत बसतो, पहिला पेला उंबऱ्यावर ओततो, आणि त्याआधी सकाळी सगळे जण चर्चच्या दाराजवळच्या जेबेझच्या थडग्याच्या उंच दगडावर पानांचा गोल हार ठेवून येतात.

कॉलेजातून इतिहास शिकून आले तेव्हा मला वाटले, या घराने मला शिकवले आहे, तर या घराचा इतिहास मी नीट लिहून द्यावा. खरे सांगायचे तर मनात दुसरेही होते. जेबेझने स्वतःचा पलंग परक्यांसाठी जाळला. अशा माणसाचे चरित्र नीट समोर आले तर मामांना सिरिलदादाबद्दल लाज वाटेल, असा माझा हिशेब होता. हा हिशेब कसा चुकला ते मी लिहून ठेवते आहे, म्हणजे माझ्यामागे कुणी पुन्हा तो करणार नाही.

पहिला त्रास माणसांचा. मावशीला विचारले, जेबेझच्या बायकोचे नाव काय? ती म्हणाली, मेरी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ॲबिगेल. तिसऱ्या दिवशी रागावली की एवढ्या जुन्या बाईची चौकशी मला कशाला. मामांना विचारले तर त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. तिथे काचेत घराण्याच्या मानचिन्हाची एक ढाल टांगलेली आहे, तिच्यावर एडका, तीन तारे आणि लॅटिन. कॅनडातले एक थॉर्नबर, आमचे सातासमुद्रापलीकडचे चुलत नातेवाईक, एका उन्हाळ्यात येऊन राहिले होते. दोन हॅम संपवले, थंडीची तक्रार केली, आणि परत गेल्यावर ही ढाल पाठवली. कुठल्याशा दुकानात नाव सांगितले की बनवून देतात. मामा तिच्यावरची धूळ स्वतः पुसतात. पुढे सराई या गृहस्थांना द्यायची, असे त्यांनी मनात ठरवलेही होते. कारण एकच, रक्त. ज्या माणसाला पिंपाला नळ कुठून लावतात ते ठाऊक नाही, त्याच्यात ते रक्त आहे, आणि जो गेली वीसेक वर्षे रोज पहाटे तळघरात उतरतो त्याच्यात नाही.

ढालीतून काही निघेना, म्हणून मी दगडांकडे वळले. चर्चच्या दाराजवळच्या उंच दगडावर जेबेझचे जन्मसाल कोरलेले आहे. मोठ्या बर्फाचे साल चर्चच्या तुळईवर कोरलेले आहे, कारण त्या बर्फाने जुने छप्पर कोसळले आणि नवे घालावे लागले. ही दोन साले जवळजवळ ठेवून पाहायला कॉलेजची गरज नाही. त्या बर्फात तो जेबेझ पाळण्यातही नव्हता. त्याचा जन्मच त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला.

मी हे मामांना सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “शूर माणसं आधीपासूनच शूर असतात.”

म्हणजे आणखी एक जेबेझ हवा, आधीचा. त्याच्यासाठी मी ते आवार महिनोन्‌महिने पालथे घातले. उत्तरेकडे, जिथे ऊन येत नाही आणि गवत जाड आहे, तिथे जुने आडवे दगड जमिनीत उतरले आहेत असे मिसेस ऑल्डरसन यांनी सांगितले. पण खणणार कुठे कुठे? तेव्हा सिरिलदादा त्याची लांब सळई घेऊन आला. आमच्याकडे मेंढ्या बर्फाच्या ढिगाखाली गाडल्या गेल्या की धनगर ढीगभर बर्फ उपसत बसत नाहीत. सळई खुपसत जातात आणि हाताला काय लागते ते ओळखतात. लोकर लागली की हात वेगळे सांगतो, दगड लागला की वेगळे. दादा गवतात सळई खुपसत ओळीने चालला आणि एका जागी थांबला. म्हणाला, “ही मेंढी काही उठायची नाही.”

आम्ही दोघांनी हिरवळ सोलून काढली. दगड धुतला. त्यावर जे होते ते इथे जसेच्या तसे उतरवते:

‘येथे जेबेझ थॉर्नबर, सराईवाला, त्याची बायको मार्था, आणि त्यांच्या आधी गेलेली त्यांची दोन लेकरे. त्यांच्या रक्ताचे मागे कुणी उरले नाही. हा दगड ह्यू मॅक्रे याने घातला. तो गुरे हाकणारा. त्यांनी त्याला बर्फातून आत घेतले आणि पुन्हा बाहेर जाऊ दिले नाही.’

दादाने ते वाचले. मग सळई पुसली आणि बराच वेळ पुसत राहिला.

पुढचे कोडे चर्चच्या नोंदींनी एका दुपारी सोडवले. आमच्या खोऱ्यात माणसाला आडनावाने कुणी हाक मारत नाही, घराच्या नावाने मारतात. अर्ध्या खोऱ्याचे आडनाव एकच, मग करणार काय? सराईला लोक ‘थॉर्नबरांकडे’ म्हणत. जेबेझ आणि मार्था गेल्यावर ती ह्यू चालवू लागला, तर तो झाला थॉर्नबरांकडचा ह्यू. त्याला मुलगा झाला, त्याने कृतज्ञतेने त्याचे नाव जेबेझ ठेवले. बाप्तिस्म्याला दक्षिणेकडून नुकताच आलेला पाद्री होता. त्याला खोऱ्याची रीत ठाऊक नव्हती. लोक ज्या नावाने हाक मारतात तेच आडनाव समजून त्याने लिहिले, थॉर्नबर. तेव्हापासून आम्ही थॉर्नबर. आम्ही ज्या दगडावर दर वर्षी पाने ठेवतो तो या मुलाचा. म्हणजे जेबेझच्या रक्ताचे आमच्यात कुणीच नाही. मामा नाहीत, मी नाही, कॅनडा तर नाहीच नाही. दार उघडणाऱ्याचे आम्ही कुणी लागत नाही. ज्याला आत घेतले, त्याचे वंशज आहोत.

मला इतका आनंद झाला होता. आता सिरिलदादात आणि आमच्यात फरक तो काय राहिला? असे मी या जानेवारीत जेबेझच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, उभी राहून सांगितले. पुरावे सांगितले, दगडावरचे शब्द वाचून दाखवले. मामा खुर्चीत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“म्हणजे आपण कुणाचे?”

“ह्यू मॅक्रेचे, मामा.”

“स्कॉटलंडचा?”

“हो.”

“अगं, सगळं सोसलं असतं,” मामा म्हणाले. “पण स्कॉटिश?”

मावशी म्हणाली, तिला वाटतच होते, आजोबांचे केस लाल होते. मी म्हणाले, मावशी, आजोबांना केसच नव्हते. ती म्हणाली, “होते तेव्हा लालच होते.” मग तिने सगळ्यांना वरण वाढले, जणू विषय मिटला.

मिटला नव्हता. मामा उठले, खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा. बरं झालं एका अर्थी. रक्त होतं म्हणून ही भिंत धरून बसलो होतो. आता रक्तच नाही, तर धरायचं काय? विकून टाकू.”

हॅरोगेटच्या एका गृहस्थांना आमची सराई बरेच दिवस हवी आहे. शनिवार-रविवारी राहायला येणाऱ्यांसाठी त्यांना तिच्या सहा खोल्या करायच्या आहेत. आजवर मामा त्यांना जेबेझचे नाव सांगून हाकलत. आता त्यांनी त्यांना चहाला बोलावले.

याला काय म्हणावे? रक्त होते तोवर एक माणूस परका होता. रक्त नाही म्हटल्यावर सगळेच परके झाले, आणि घर विकायला मोकळे. मी सत्य आणले ते दादाचे दार उघडावे म्हणून, आणि मामांनी त्याच सत्याची कडी करून दार लावले. कॉलेजात आम्हाला शिकवले होते की वस्तुस्थिती माणसाला मोकळे करते. शिकवणाऱ्यांनी अमोसमामांना पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सराईत बिअर वाढायच्या ओट्याशी गाठले. विचारले, विकली तर सिरिलदादा आणि मावशी कुठे जातील?

“तो आला होता तिकडे.”

“तिकडचं घर बॉम्बनं गेलं, मामा.”

“मग आपण सगळेच आलो तिकडे जाऊ,” मामा ओटा पुसत म्हणाले. “मी स्कॉटलंडला.”

“तुम्ही त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन मेंढ्यांच्या जत्रेला न्यायचात. मला मावशीनं सांगितलंय.”

“तुझी मावशी मेरी म्हणते, ॲबिगेल म्हणते. तिचं काय धरायचं?” असे म्हणून ते आत गेले. ओटा अर्धाच पुसला होता.

पूर्ण सराई विकायला माझीही सही लागते. मी ती देणार नाही. हे मी हॅरोगेटच्या गृहस्थांनाही चहा देताना सांगितले. पण मी जाते आहे, आणि तिथे काही झाले आणि मृत्युपत्र नसले, तर माझा हिस्सा मामा आणि मावशीत वाटला जाईल. मावशी मामांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करते. तिने आजवर न वाचता केलेल्या सह्यांनी एक पिंप भरेल.

म्हणून मी असे ठरवते: ‘काळा एडका’ सराईतला, तिच्या इमारतीतला, तळघरातला, मागच्या तबेल्यातला आणि कुरणातला माझा संपूर्ण अर्धा हिस्सा सिरिल टेट, राहणार ‘काळा एडका’, यास मिळावा. विनिफ्रेड थॉर्नबर हिला हयात असेतोवर वरच्या मागच्या खोलीत राहण्याचा हक्क असावा, आणि तो कुणी काढून घेऊ नये, ती स्वतः सही करून द्यायला निघाली तरी. या शेवटच्या शब्दांना मिस प्रिंगल यांनी दोनदा हरकत घेतली. मी दोनदा लिहिले.

हे ठरवतानाही मला सुखासुखी ठरवू दिलेले नाही. दादाला सांगितले तर तो म्हणाला, “माझं नाव नको. विनीचं घाल. मी काय, राहीनच.” मावशीला सांगितले तर म्हणाली, “माझं कशाला, सिरिलचं घाल. मी काय, मरेनच.” आठवडाभर मी वरच्या जिन्यातून खाली आणि खालच्या जिन्यातून वर निरोप नेत होते. दोघे एकाच घरात राहतात. शेवटी मी दादाला तळघरात गाठून विचारले की तुला हे घर नको आहे का. तो पिंपाच्या बाजूला पाठ करून उभा होता.

“ऑड्री,” तो म्हणाला, “मला इथं कुणी ‘जा’ म्हटलेलं नाही. ‘राहा’ पण म्हटलेलं नाही. मी रोज सकाळी उठून कामाला लागतो, म्हणजे कुणाला म्हणायला वेळच मिळत नाही.”

हे कलम हेच त्या ‘राहा’चे लेखी रूप समजावे. बोलून दाखवायचे काम ज्यांचे आहे, ते माझ्या हातात नाहीत.

६. जेबेझ आणि मार्था यांचा दगड जमिनीतून वर काढून उभा करावा. खर्च माझ्या कपड्यांच्या विक्रीतून होण्यासारखा नाही, म्हणून दगड हलवायला गावातल्या तरुणांनी यावे आणि सराईत फुकट जेवावे. तो शब्द मी दादाकडून आधीच घेतला आहे. पाने यापुढे दोन्ही दगडांवर ठेवावीत. ह्यूच्या मुलाने आपल्याला काही फसवलेले नाही, त्याच्यावर राग काढू नये.

७. माझ्या संशोधनाची पेटी सराईत, सगळ्यांना हात पोचेल अशी ठेवावी. कॅनडाच्या चुलत नातेवाइकांना त्यातल्या कागदांची एक प्रत पाठवावी. त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ढालीसाठी दुकानदाराला जाब विचारावा, आम्हाला नाही.

८. अमोसमामांना मी काही ठेवत नाही. त्यांच्याकडे त्यांचा अर्धा आहे. माझी त्यांच्याविषयीची तक्रार मात्र मी इथे संपवते, मागे कुणाला वारशाने देत नाही. त्यांनी माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी स्वतःची एकमेव चांगली पेटी मला दिली होती आणि ‘हरवलीस तर बघ’ म्हणाले होते. अशा माणसावर पूर्ण राग धरता येत नाही, हीच तर अडचण आहे.

इथवर मी घरी लिहून आणले होते. पुढचे मिस प्रिंगल यांच्या खोलीत लिहीत आहे, सहीच्या आधी, त्यांच्या परवानगीने.

आज बस नव्हती. मामा जानेवारीपासून माझ्याशी सरळ बोलत नाहीत, पण सकाळी व्हॅन दारात आणून भोंगा वाजवत बसले. बाजाराच्या गावापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मी कशाला जाते आहे ते त्यांना माहीत होते. चौकात व्हॅन लावून ते पोर्क पाय नावाची मांस भरलेली करंजी खात बसले, आणि मी वर आले.

कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. एक मिस प्रिंगल स्वतः. दुसरा त्यांचा कारकून, तो फ्लूने घरी. समोरच्या बेकरीवाल्याला दुकान सोडता येईना. मला न विचारता मिस प्रिंगल यांनी खिडकी उघडली आणि खाली हाक मारली. मामा वर आले, हातात टोपी, मिशीला त्या पोर्क पायचा चुरा.

मिस प्रिंगल यांनी काम समजावून सांगितले. मामांनी विचारले, “साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही, खरं ना?”

नाही, त्या म्हणाल्या, आणि आत काय लिहिले आहे ते वाचायचीही गरज नाही.

“वाचायचं काय? अख्खा रस्ता हिचं तोंड वाचत आलोय.” ते खुर्ची ओढून बसले. “सिरिलला दिलंस?”

मी हो म्हणाले.

मामांनी मिशीतला चुरा झटकला. मग म्हणाले, “तळघराच्या पायऱ्या दुरुस्त करायला सांग त्याला. पडेल एखाद दिवशी. मी सांगितलं तर ऐकत नाही.”

मिस प्रिंगल साक्षीदारांचे तपशील भरत होत्या. नाव लिहिले, पत्ता लिहिला. व्यवसायाशी थांबल्या. हॅरोगेटची बोलणी सगळ्या बाजाराला ठाऊक आहेत. त्यांनी सौजन्याने विचारले, “निवृत्त लिहू ना, मिस्टर थॉर्नबर?”

“निवृत्त कोण?” मामा म्हणाले. “सराईवाला लिहा.”

त्यांनी तसे लिहिले आहे. मामा आता समोर बसून, मी इतका वेळ काय लिहिते आहे म्हणून दर क्षणाला घड्याळ बघत आहेत. संध्याकाळी सराई उघडायला वेळेवर पोचले पाहिजे, असे ते तिसऱ्यांदा म्हणाले. म्हणून मी थांबते.

वरील सर्व मजकूर माझा आहे, कुणी सांगून लिहवलेला नाही. खालील दोन्ही साक्षीदारांच्या समोर, दोघेही एकाच वेळी या खोलीत असताना, मी सही करत आहे, आणि माझ्या देखत ते करत आहेत.

सही: ऑड्री जेन कॅपस्टिक

साक्षीदार पहिली: हॉनर प्रिंगल, वकील, बाजारचौक

साक्षीदार दुसरा: अमोस थॉर्नबर, ‘काळा एडका’, स्केलबेक. व्यवसाय: सराईवाला

स्थळ: मिस प्रिंगल यांची कचेरी, बाजारचौक, यॉर्कशायर
दिनांक: ९ मार्च १९७३